गर्भ राहिल्यानंतर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल वडगाव मागे टाकून कामशेतच्या दिशेने निघाली, की मध्ये कान्हे हे लहानसे स्थानक लागते. १८५८ साली पुणे-खंडाळा लोहमार्ग या खोऱ्यातून गेला, पुढे पाच वर्षांनी बोरघाटाची अवघड चढण पुरी होऊन तो मुंबईशी जोडला गेला, आणि इंद्रायणीच्या काठची ही भातखाचरांची भूमी दोन महानगरांच्या मधोमध येऊन पडली. तरीही कान्हे फाट्यावरून आत वळणारा रस्ता टाकवे बुद्रुक ओलांडून आंदर मावळात शिरला, की श्रावणाच्या धुवांधार पावसात एखाद्या गर्भिणीला खाली फाट्यावर आणणे हा आजही साऱ्या घराचा जीव टांगणीला लावणारा प्रसंग ठरतो. याच फाट्यावर सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत ज्यांचा गर्भ जुळला, अशा स्त्रियांच्या बाळंतपणाचा इतिहास लिहू लागलो असता मला या खोऱ्यापासून आरंभ करावासा वाटला, त्याला आणखीही एक कारण आहे.

मावळचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापुढे वडगावची लढाई उभी राहते. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज घाट चढून खंडाळ्यावरून कार्ल्यास आली. तेथे ज्याला मराठे कौतुकाने इष्टूर फाकडा म्हणत तो कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. फौज इंद्रायणीच्या खोऱ्यातून तळेगावपर्यंत पोचली तेव्हा गाव जाळून ओसाड केलेला तिला आढळला. आणि परतीच्या वाटेवर वडगावास महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला असे काही कोंडले की १६ जानेवारीस तहावर सही करण्यावाचून तिला गत्यंतर उरले नाही. हे सर्व आपण शाळेत शिकलो. परंतु हे युद्ध मुळात उद्भवले ते एका अर्भकाच्या हक्कावरून, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या वेळी त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. पेशवाईची वस्त्रे बळकावू पाहणाऱ्या रघुनाथरावांच्या आणि त्या वस्त्रांच्या मध्ये काय ते एवढेच उरले होते: एका अल्पवयीन विधवेच्या पोटातील गर्भ. रघुनाथरावांच्या विरोधातील कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले, तिच्याभोवती चौकीपहाऱ्याचा कडेकोट बंदोबस्त केला, आणि गर्भ हाच राज्याचा धनी मानून तिच्या नावाने कारभार चालवला. १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. ते चाळीस दिवसांचे झाले तेव्हा त्यांच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. मूल मुलगीच झाले किंवा मेलेले निपजले तर बदलून ठेवता यावे म्हणून इतरही गरोदर स्त्रियांना गडावर नेण्यात आले होते, अशी वदंता त्या काळी पसरली होती आणि ग्रँट डफनेही ती नोंदवली आहे. ती खरी असो वा खोटी, राजकारणी माणसांच्या मनात गर्भवतीची किंमत कोणत्या मापाने होत होती, हे तिच्यावरून कळते. पुढे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि त्या मुलाचा वारसा खरा की खोटा याचा निवाडा अखेर मावळच्या माळावर तोफांनी करावा लागला.

त्या मुलाच्या जन्माचा जल्लोष, त्याची वस्त्रे, त्याच्या पुढील दरबाराचा थाट यांची वर्णने वाचावयास मिळतात. ज्या मातेच्या पोटी हे सारे साम्राज्य नऊ महिने वाढले, तिची प्रकृती त्या काळात कशी होती, तिला कोणत्या सुइणीने सोडवले, बाळंतपणानंतर ती कितपत सावरली, याविषयी मात्र बहुतेक इतिहासग्रंथ मौन धारण करतात. १७७७ साली गंगाबाई वारली. मूल तेव्हा पुरते साडेतीन वर्षांचेही नव्हते. आपल्या समाजाने मुलाची आस पराकाष्ठेची बाळगली, त्यासाठी देव पाण्यात ठेवले, युद्धे केली. पण गर्भ राहिल्यापासून बाळंतीण खाटेवरून उठेपर्यंतच्या काळाकडे त्याच आस्थेने पाहण्याचे काम फारच थोड्यांनी, फार उशिरा आणि बहुधा एकट्याने केले. कृत्रिम गर्भधारणेच्या युगातही या दोन आस्थांमधील अंतर मिटलेले नाही, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्या अंतराविषयीच आहे.

मावळात मुलासाठी नवस बोलण्याचे मोठे ठाणे म्हणजे कार्ल्याच्या लेण्यालगतची एकवीरा. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कितीतरी कुळांची ती कुलस्वामिनी. तिच्या पायऱ्या चढून ओटी भरणाऱ्या स्त्रियांची रांग चैत्र असो वा नवरात्र, तुटत नाही. अपत्यदात्या देवतेची उपासना या भूमीत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात बौद्ध भिक्षूंनीही मुलाबाळांची रक्षणकर्ती हारीती कोरून घेतली. मूल झाल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडावयाची, बाळाच्या उशाशी कोरा कागद नि लेखणी ठेवावयाची आणि रात्र जागवावयाची. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला लावून लेकराच्या आयुष्यासाठी आरती करावयाची, हे सारे आमच्या आजी-पणजींनी मनोभावे केले. त्या पाचवी-सहावीच्या भयाला निराधार समजण्याचे कारण नाही. अस्वच्छ विळ्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किंवा त्याच्या आगेमागे प्रकट होत असे, आणि ज्या घराने अशी दोन अर्भके गमावली, त्या घराला सटवाई त्या रात्री ललाटी काय लिहिते याची धास्ती वाटणे अगदी साहजिक होते. गर्भिणीला धनुर्वाताची लस आणि नाळेला निर्जंतुक पाते मिळाल्यावर हे भय ओसरत गेले. माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले. शेकशेगडी, बाळंतकाढा, आंबेमोहराची मऊ पेज, अळिवाची खीर यांनी बाळंतिणीला जो आराम मिळाला तो मी कमी लेखत नाही. पण आडवे आलेले मूल, वार पुढे असल्यामुळे होणारा रक्तस्राव, फेफऱ्यासारखे येणारे झटके यांपुढे सुइणीचे सारे कसब हतबल होत असे.

ज्यांना मूल झाले नाही त्यांच्यासाठी धर्मशास्त्राने दत्तकाची वाट मोकळी ठेवली होती. तीही सरकारदरबारी नेहमीच रुजू होत असे असे नाही. साताऱ्याच्या छत्रपतींचे दत्तकविधान कंपनी सरकारने नामंजूर केले आणि १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. वतनदाराच्या घरात निपुत्रिकपण हे दुःख तर होतेच, शिवाय वतन हातचे जाण्याचे संकट होते; आणि त्या संकटाचा सारा ठपका स्त्रीच्या माथी मारला जाई. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भसंभवाला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार अंगे सांगितली आहेत, म्हणजे काळ, गर्भाशय, पोषणद्रव्य आणि स्त्रीपुरुषांचे बीज यांपैकी कोठेही उणीव असू शकते हे आपल्या वैद्यकाला ज्ञात होते. लोकव्यवहाराने मात्र दोष क्षेत्रावरच ठेवला. त्या लांच्छनामुळे उपचार लपवण्याची जी सवय जडली, तिने पुढे वैद्यकाचेही मोठे नुकसान केले. त्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

१८८६ हे वर्ष या इतिहासात विशेष स्मरणीय आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी त्या वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. हा विषय त्यांनी पुस्तकी कुतूहलाने निवडला असेल असे मला वाटत नाही. १८७८ मध्ये, स्वतः अजाण वयात असताना, त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला होता. स्त्रीला स्त्रीवैद्य मिळत नाही म्हणून माता आणि मुले दगावतात, हे त्यांनी स्वतःच्या घरी पाहिले होते, आणि ते थांबावे म्हणूनच त्या समुद्र ओलांडून गेल्या. परत आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्याच १८८६ साली मुंबईत पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले स्त्रियांचे आणि मुलांचे रुग्णालय खुले झाले, आणि डॉ. ईडिथ पीची यांच्या हाती त्याची सूत्रे आली.

याच कामा रुग्णालयाची धुरा पुढे जेरूशा झिराड यांच्याकडे आली. बेने इस्राएल समाजात जन्मलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या विदुषीने १९४७ पर्यंत हे रुग्णालय सांभाळले. परंतु माझ्या मते त्यांची थोरवी शस्त्रक्रियागृहाइतकीच दप्तरातही आहे. मुंबई शहरात बाळंतपणाने मरणाऱ्या स्त्रिया का मरतात, याची पद्धतशीर चौकशी त्यांनी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनसाठी केली आणि १९४१ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्येक मृत्यूमागे एक उत्तर देता येण्याजोगा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न विचारण्याचे धैर्य केले तर पुढचा मृत्यू टाळता येतो, ही दृष्टी मुंबईच्या प्रसूतिशास्त्राला अशा कामातून लाभली. महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१८ ते २०२० च्या नमुना नोंदणीनुसार ३३ इतके खाली आले होते. त्याचे श्रेय आपण औषधांना देतो, रक्तपेढ्यांना देतो, आणि ते योग्यच आहे. त्यात या नोंदी ठेवणाऱ्यांचाही हिस्सा आहे.

गर्भ टिकवण्याच्या विद्येत मुंबईने जगाला दिलेली देणगी म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा टाका. १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेल्या या शल्यविशारदाच्या पाहण्यात अशा कितीतरी स्त्रिया आल्या, की ज्यांचा गर्भ दर खेपेस चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा वेदना न होताच, निसटून जात असे. गर्भाशयाचे मुख दुबळे असल्यामुळे ते भार सहन करू शकत नाही, हे ओळखून त्यांनी प्रारंभी मांडीच्या स्नायूंवरील चिवट आवरणाची पट्टी काढून तिने ते मुख आवळून बांधण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली आणि १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जगातील कोणत्याही प्रसूतिगृहात हा टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कृत्रिम गर्भधारणेनंतर जुळी राहिली म्हणजे घाबरलेले नातेवाईक हाच टाका घालण्याचा आग्रह धरतात, म्हणून येथे सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते: केवळ जुळी आहेत एवढ्याच कारणास्तव घातलेल्या टाक्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असे दिसून आलेले नाही. शिरोडकरांनी तो ज्या स्त्रियांसाठी योजिला त्या निराळ्या होत.

आता शरीराबाहेर गर्भ जुळवण्याच्या विद्येकडे येऊ. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या अनेक वर्षांच्या तपश्चर्येचे ते फळ. परंतु त्या पहिल्या बाळंतपणाविषयी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. लुईसच्या आईचा रक्तदाब गर्भारपणाच्या अखेरच्या काळात वाढला होता, गर्भविषबाधा म्हणून ओळखला जाणारा विकार तिला जडला होता, आणि म्हणून शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावे लागले. त्याचे वजन २६०८ ग्रॅम भरले. म्हणजे या विद्येच्या अगदी पहिल्या यशाबरोबरच, गर्भ जुळवणाऱ्याचे काम संपते तेथे प्रसूतितज्ज्ञाचे अधिक कठीण काम सुरू होते, याची सूचना मिळून चुकली होती. जगाने बातमी वाचली ती काचनळीची.

त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरी मुलगी जन्मली. त्यांनी तर गर्भ गोठवून ठेवून नंतर तो मातेच्या उदरात ठेवला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, नेत्रविभागाच्या संस्थेत त्यांची बदली झाली, आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे कागद तपासून त्यांना न्याय मिळवून देणारे डॉ. टी. सी. आनंद कुमार हे मुंबईच्याच प्रयत्नाचे एक आधारस्तंभ होते, हा योग मोठा हृद्य आहे. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत आनंद कुमार आणि जवळच्याच के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा, असा हा जोड जमला. आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीला आणि कामा रुग्णालयाला शंभर वर्षे भरत असताना, के. ई. एम. मध्ये त्यांनी शरीराबाहेर जुळवलेल्या गर्भातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. तो महानगरपालिकेच्या, गरिबांसाठी चालवलेल्या रुग्णालयात झाला, याचे मला विशेष अगत्य वाटते. पुढच्या काळात ही विद्या खासगी दवाखान्यांच्या हाती गेली, आणि तिची किंमत मावळातल्या भातशेतकऱ्याला दोन गुंठे जमीन विकल्यावाचून परवडेनाशी झाली.

या किमतीतूनच बाळंतपणाचे पहिले संकट उद्भवले. एका आवर्तनाचा खर्च फार, यशाची शाश्वती थोडी. तेव्हा एकाऐवजी दोन, तीन, क्वचित अधिक गर्भ एकाच वेळी गर्भाशयात ठेवावेत, म्हणजे एक तरी रुजेल, अशी पद्धत जगभर पडली. दोन रुजले तर दांपत्याला देव दोन्ही हातांनी देतो असे वाटे. पण मानवी गर्भाशयाची रचना एका मुलासाठी आहे. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदतिसावा आठवडा भरण्यापूर्वीच जन्मतात. तिळी तर सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. अशा बाळाची फुप्फुसे मिटून जातात, कारण त्यांना उघडे ठेवणारे द्रव्य अद्याप तयार झालेले नसते. त्याला अंगाची ऊब राखता येत नाही, चोखून दूध ओढता येत नाही, त्याच्या मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात. आईच्या बाजूला रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, गर्भारपणातील मधुमेह, प्रसूतीनंतर गर्भाशय न आकसल्यामुळे होणारा रक्तस्राव, यांची शक्यता एकाच मुलाच्या मानाने बरीच वाढते. स्वीडनने २००३ पासून एका वेळी एकच गर्भ ठेवण्याचा दंडक घातला आणि तेथील या उपचारांतील जुळ्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर आले, तरी गर्भ राहण्याचे यश ढासळले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूत्रांनी एका आवर्तनात तीनपर्यंत गर्भ ठेवण्यास मुभा दिली होती. हा आकडा मला त्या वेळीही मोठा वाटला होता आणि आज तर तो समर्थनीयच वाटत नाही.

एकच गर्भ ठेवला म्हणजे सारे भय सरते, असेही नाही. या उपचारांनी राहिलेल्या एकेरी गर्भांतही मुदतपूर्व जन्माचे आणि कमी वजनाचे प्रमाण नैसर्गिक गर्भांच्या तुलनेत दीडपट ते दुप्पट आढळते. वार खाली चिकटण्याचा, रक्तदाब वाढण्याचा संभवही अधिक असतो. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले असेल, तर मातेच्या शरीराला गर्भाचा कोणताच अंश ओळखीचा नसतो, आणि रक्तदाबाचा विकार ठळकपणे वाढतो. गोठवलेला गर्भ केवळ औषधांच्या आधारे तयार केलेल्या गर्भाशयात ठेवला जातो तेव्हा, बीज सुटल्यानंतर अंडाशयात निर्माण होणारा पीतपिंड त्या आवर्तनात नसतो. गर्भारपणात रक्तवाहिन्या सैल करणारे त्याचे स्राव त्यामुळे मिळत नाहीत, आणि त्याचाही संबंध रक्तदाबाशी लावला जातो. या साऱ्याचा दोष उपचाराच्याच माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २००८ मध्ये एकाच आईची दोन मुले, एक उपचाराने झालेले व दुसरे त्यावाचून झालेले, अशी भावंडे घेऊन तुलना केली, तेव्हा फरक बराचसा मावळला. म्हणजे जी कारणे मूल होऊ देत नाहीत, ती वाढलेले वय, गर्भाशयाचे विकार, मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती, तीच कारणे गर्भ राहिल्यावरही आपले काम करीत असतात. आणि हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे की अशा बहुसंख्य गर्भांतून सुदृढ मुले आणि सुखरूप माता हेच फळ मिळते. धोका मोजका आहे. त्याची चाहूल आधी लागू शकते. आणि ज्याची चाहूल लागते त्याचा बंदोबस्त करता येतो.

तो बंदोबस्त महाग नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. रक्तदाबाच्या विकाराचा ज्यांना अधिक धोका, अशा स्त्रियांना सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू केले तर मुदतीआधी उद्भवणारा तो विकार लक्षणीय प्रमाणात टळतो, असे २०१७ मध्ये युरोपातील मोठ्या चाचणीत दिसले. ही गोळी खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळते. मुदतपूर्व प्रसूती अटळ दिसली तर आईला स्टिरॉइडची सुई देऊन बाळाची फुप्फुसे सज्ज करता येतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी हे १९७२ मध्येच दाखवून दिले. आणि ज्या १९७८ साली लुईस आणि कोलकात्याची मुलगी जन्मली, त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेत बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, उबवणीपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, कमी दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू मातृसेवा या नावाने ती आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. काचनळीला जगाने वेगळा गाभारा दिला, या छातीच्या उबेला तितका दिला नाही.

महाराष्ट्रात नवजातांच्या या बाजूवर काम करणाऱ्यांची परंपराही मोठी आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. धारावीतल्या मातांच्या अपुऱ्या दिवसांच्या लेकरांना डब्याच्या दुधाने होणारे आतड्याचे विकार त्यांनी पाहिले होते, आणि दुसऱ्या मातेचे जास्तीचे दूध, तापवून निर्जंतुक केलेले, त्या लेकरांना मिळावे एवढाच त्यांचा साधा संकल्प होता. जुळ्यांच्या आईला पहिल्या आठवड्यात दूध पुरत नाही, तेव्हा ही पेढी जीवदान ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९८७ पासून पुढे जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांची यादी करून ती मुले शाळेत जाईपर्यंत, मग किशोरवयात, मग तारुण्यात कशी वाढली, हे चिकाटीने तपासले: त्यांची बुद्धी, त्यांचे अक्षर, त्यांचे गणित, त्यांची दृष्टी. वाचवलेले मूल पुढे कसे जगते, हे पाहणे हाही वैद्यकाचाच धर्म आहे, असा त्या कामाचा अर्थ आहे. त्याच रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून गाठून असे दाखवले, की आपल्या ग्रामीण मातांची दिवस भरलेली मुलेही सरासरी पावणेतीन किलोची भरत नाहीत, आणि मातेचे पोषण, तिचे श्रम, तिच्या ताटातील पालेभाजी यांचा त्या वजनाशी संबंध आहे. ज्या भूमीत एकेरी मूलच मुळात लहान जन्मते, त्या भूमीत जुळी म्हणजे काय संकट, हे यावरून उमगावे.

अशा स्थितीत आंदर मावळातील एखादी सून पुण्यात उपचार घेऊन गरोदर राहते आणि माहेरी-सासरी कोणाला कळू नये म्हणून उपचाराचे कागद पेटीच्या तळाशी ठेवते, तेव्हा काय घडू शकते याचा विचार करा. शहरातील केंद्राची जबाबदारी गर्भाचे ठोके दिसले की बहुधा संपलेली असते. गावातील आशाताई तिची नोंद इतर गरोदर स्त्रियांबरोबर करतात. माता-बाल संरक्षण कार्डावर उपचाराचा उल्लेख नसतो. तिचा गर्भ दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा आहे, गोठवलेला होता, वार खाली आहे, यांपैकी काहीही त्या कार्डावर उतरत नाही. सातव्या महिन्यात डोके दुखू लागते, पाय सुजतात, ते उन्हावर आणि कामावर ढकलले जाते. मग पावसाळी रात्री एकशे आठची गाडी फाट्यावरच्या रुग्णालयाशी थांबते, आणि कामावरील तरुण डॉक्टरला जे सहा महिने आधी कळावयास हवे होते, ते त्या क्षणी, घाबरलेल्या नवऱ्याच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी कळते. यात कोणा एकाचा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. वांझपणाच्या कलंकाने शिकवलेली लपवाछपवी आणि केवळ गर्भधारणेचे यश मोजणारी व्यवस्था या दोहोंची ही सांगड आहे. आणि ती तोडणे शक्य आहे. केंद्राने रुग्णाला निरोप देताना एका पानाचा सारांश लिहून द्यावा, तो तालुक्याच्या रुग्णालयात पोचावा, सोळाव्या आठवड्याच्या आत अशा प्रत्येक स्त्रीचा रक्तदाब आणि वार पाहिली जावी, अतिदक्षतेचा नवजात विभाग जेथे आहे तेथेच प्रसूती करण्याचे आधी ठरवावे. सुइणीच्या काळातही शहाणी सासू सातव्या महिन्यातच पुढची तजवीज करीत असे.

२०२१ मध्ये संसदेने साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा केला आणि तो पुढच्या जानेवारीत अमलात आला. स्त्रीसाठी एकवीस ते पन्नास आणि पुरुषासाठी एकवीस ते पंचावन्न ही वयोमर्यादा त्याने घातली. बीज देणाऱ्या स्त्रीने ते आयुष्यात एकदाच द्यावे आणि तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेऊ नयेत, असे बंधन घातले. केंद्रांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील स्त्रीच्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर गर्भारपणाचा भार किती पडतो हे लक्षात घेता, त्या वयोमर्यादेचा मी मनापासून पुरस्कार करतो. सरकारी दवाखान्यांकडेही ही विद्या परतू लागली आहे: गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार विनामूल्य मिळू लागले, आणि ज्या कामा रुग्णालयात झिराड यांनी मातामृत्यूंचा हिशेब मांडला, तेथेही अलीकडे सरकारी केंद्र उघडले आहे. जेथे पैशाचा ताण नाही तेथे एका वेळी एकच गर्भ ठेवण्याचा संयम पाळणे सोपे होते, म्हणून या सरकारी केंद्रांकडून माझ्या मोठ्या अपेक्षा आहेत.

मार्च २०१६ मध्ये हर्षा स्वतः माता झाली, आणि तिचे बाळंतपणही डॉ. हिंदुजांच्याच देखरेखीखाली झाले. तीस वर्षे एकाच वैद्याची दृष्टी एका मुलीवर राहिली. प्रत्येक मुलाच्या भाग्यात असा वैद्य येणार नाही. पण जन्मवेळचे वजन, गर्भाचे आठवडे, आईचा रक्तदाब, आणि मग दोन वर्षांनी, पाच वर्षांनी त्या मुलाची वाढ, एवढे लिहून ठेवण्यास त्याची गरजही नाही. गर्भ राहिला किती जणींना, या आकड्याच्या शेजारी दिवस भरून एकेक निरोगी मूल किती जणींच्या कुशीत गेले आणि त्यांतल्या किती जणी स्वतः धडधाकट घरी परतल्या, हा आकडा प्रत्येक केंद्राने छापावा. पुण्यात १९८७ साली ज्या कामास हात घातला गेला त्याचेच हे पुढचे खाते आहे, आणि ते उघडण्यास लागणारे वजनकाटे, रक्तदाबाची यंत्रे आणि वह्या तालुक्याच्या रुग्णालयातही आहेत.